लिक्समध्ये नवा डॉक्युमेंट क्लास बसवताना: क्लास, लेआउट आणि टेम्प्लेट

परिषदेने किंवा विद्यापीठाने दिलेली झिप उतरवून घेतली, त्यातल्या फाइली लिक्स या लेखनाच्या प्रोग्रॅमच्या फोल्डरात टाकल्या, लिक्स बंद करून पुन्हा उघडलं, आणि तरीही क्लासच्या यादीत नवं नाव आलं नाही. ही तक्रार फार जणांची असते. बहुतेक वेळा फाइल खराब नसते, ती चुकीच्या जागी गेलेली असते.

लिक्स स्वतः पानं जुळवत नाही. तुम्ही लिहिलेल्या मजकुराचा तो लाटेक या पानं जुळवणाऱ्या प्रणालीसाठी कोड तयार करतो आणि पीडीएफ बनवायचं काम लाटेककडे सोपवतो. त्यामुळे एक साचा बसवायचा म्हणजे तीन निरनिराळ्या फाइलींचा विचार करावा लागतो. पहिली क्लास फाइल, जिचं एक्स्टेन्शन सीएलएस असतं. समास, मथळे, टाइपाचा आकार हे सगळं ती ठरवते आणि तिची गरज लाटेकला असते. दुसरी लेआउट फाइल. या क्लासमध्ये कोणत्या शैली आहेत आणि त्या पडद्यावर कशा दाखवायच्या, हे ती लिक्सला सांगते. तिसरी टेम्प्लेट, म्हणजे शीर्षक, लेखक, सारांश अशा जागा आधीच मांडून ठेवलेला लिक्सचा एक नमुना दस्तऐवज. टेम्प्लेट नसलं तरी अडत नाही. पहिल्या दोन फाइलींशिवाय मात्र पुढे जाता येत नाही.

खाली फाइलींची आणि फोल्डरांची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत असतात, आणि लिनक्सवर लहान-मोठ्या अक्षराचा फरक मोजला जातो.

आधी पाहा, क्लास मशीनवर आहे का

झिप उघडण्याआधी लिक्समध्ये हेल्प मेन्यूतलं लाटेक कॉन्फिगरेशन उघडा. लिक्सला माहीत असलेल्या क्लासांची आणि पॅकेजांची यादी तिथे असते आणि प्रत्येकापुढे ते सापडलं की नाही ते लिहिलेलं असतं. स्प्रिंगरच्या लेक्चर नोट्स मालिकेचा एलएलएनसीएस, आयट्रिपलईचा क्लास, एल्सविअरचा, एसीएमचा, अमेरिकन फिजिकल सोसायटीचा रेव्हटेक, या सगळ्यांचे लेआउट लिक्ससोबतच येतात. त्यांपैकी एखादा डॉक्युमेंट सेटिंग्जच्या यादीत 'अनअव्हेलेबल' म्हणून दिसत असेल, तर लिक्सचं काम झालेलं आहे, फक्त लाटेककडे सीएलएस नाही. अशा वेळी लेआउट शोधत बसू नका, पॅकेज बसवा.

टेकलाइव्ह या लाटेकच्या संचाची पूर्ण आवृत्ती असेल तर हे क्लास बहुधा आधीपासूनच असतात. उबुंटू किंवा डेबियनच्या भांडारातून टेकलाइव्ह घेतलं असेल तर प्रकाशकांचे क्लास 'टेकलाइव्ह-पब्लिशर्स' या वेगळ्या पॅकेजमध्ये मिळतात. ते नेहमीच्या पॅकेज मॅनेजरने बसवा. तिथे टेकलाइव्हचा स्वतःचा मॅनेजर वापरायचा मोह टाळलेला बरा, कारण डेबियनच्या आवृत्तीत तो फक्त वापरकर्त्याच्या पातळीवर चालतो आणि भांडारातल्या आवृत्तीशी त्याचं वर्ष जुळलं नाही तर काम करायला नकार देतो. विंडोजवर मिकटेक हा लाटेकचा दुसरा संच असेल तर मिकटेक कन्सोल उघडून पॅकेजेसमध्ये नाव शोधा आणि अधिकचं चिन्ह दाबा.

सगळेच क्लास 'अनअव्हेलेबल' दिसत असतील, अगदी साधा आर्टिकलसुद्धा, तर क्लासचा प्रश्नच नाही. लिक्सला लाटेकच सापडलेलं नाही. टूल्स, प्रेफरन्सेस, पाथ्स इथे खालच्या बाजूला 'पाथ प्रीफिक्स' नावाचा रकाना आहे, त्यात लाटेकच्या प्रोग्रॅमांचा फोल्डर असायला हवा. विंडोजवर टेकलाइव्हच्या पत्त्यात वर्ष असतं. 2024 ची आवृत्ती काढून 2025 ची बसवली आणि रकान्यात जुनंच वर्ष राहिलं, की लिक्सला लाटेक दिसत नाही. जुनी आवृत्ती न काढता नवी बसवली तर घोटाळा आणखी फसवा होतो: सगळं चालू राहतं, पण नव्यात टाकलेले क्लास लिक्सला कधीच दिसत नाहीत. मॅकवर ही भानगड नाही, तिथला 'टेकबिन' हा दुवा वर्ष बदललं तरी तोच राहतो.

सीएलएस फाइल कुठे ठेवायची

क्लास कोणत्याच भांडारात नसेल, फक्त झिपमध्येच मिळाला असेल, तर तो हाताने बसवावा लागतो. जागा ठरलेली आहे: तुमच्या होम फोल्डरातला टेक्सएमएफ. अक्षरं टी, ई, एक्स, एम, एफ. लिनक्सवर तो थेट होममध्ये असतो, विंडोजवर तुमच्या नावाच्या युजर फोल्डरात आणि मॅकवर होममधल्या लायब्ररी फोल्डरात. नसेल तर स्वतः बनवा. मॅकच्या फाइंडरमध्ये लायब्ररी लपलेली असते. गो मेन्यू उघडताना ऑप्शन की दाबून धरली की ती दिसते.

आतली रचना मनाने करून चालत नाही. टेक्सएमएफमध्ये 'टेक', त्यात 'लाटेक', त्यात क्लासच्या नावाचा फोल्डर, आणि त्यात सीएलएस आणि एसटीवाय (पॅकेजच्या) फाइली. संदर्भयादीच्या बीएसटी फाइली इथे ठेवायच्या नाहीत. त्यांची जागा टेक्सएमएफ, मग 'बिबटेक', मग 'बीएसटी', मग क्लासचं नाव. बीएसटी टेक फोल्डरात पडली तर लेख नीट उमटतो आणि फक्त संदर्भयादी गायब होते. असं झालं की लोक संदर्भांची बिब फाइल तपासत बसतात आणि तिच्यात काहीच चूक सापडत नाही.

झिपमध्ये सीएलएस नसून फक्त डीटीएक्स आणि आयएनएस अशा दोन फाइली असतील, तर क्लास अजून त्यांच्यातून काढायचा आहे. दोन्ही फाइली एका रिकाम्या फोल्डरात ठेवा, टर्मिनलमध्ये तिथे जा आणि आयएनएस फाइलीवर लाटेक चालवा. सीएलएस त्याच फोल्डरात तयार होते. डीटीएक्सवर लाटेक चालवलं तर क्लासची माहितीपुस्तिका मिळते. ती टाकून देऊ नका. क्लासला कोणते पर्याय देता येतात हे तिथेच लिहिलेलं असतं.

विंडोजवर एक खोडी वारंवार आढळते. ब्राउझर सीएलएस फाइल साध्या मजकुरासारखी उघडतो, तुम्ही ती 'सेव्ह' करता आणि नावाच्या शेवटी गुपचूप टीएक्सटी चिकटतं. एक्स्प्लोरर एक्स्टेन्शन लपवत असल्यामुळे नाव बरोबरच दिसतं. व्ह्यू मेन्यूतून 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करून एकदा नजर टाका.

टेकलाइव्हच्या मूळ टेक्सएमएफ-डिस्ट फोल्डरात काहीही टाकू नका. तो भाग पॅकेज मॅनेजरच्या ताब्यात असतो आणि नवं वर्ष बसवलं की तुमची फाइल मागेच राहते. संगणक प्रयोगशाळेत एका मशीनवरच्या सगळ्यांसाठी क्लास बसवायचा असेल तर टेकलाइव्हमधला टेक्सएमएफ-लोकल वापरा. तिथे फाइल टाकल्यावर मात्र प्रशासकाच्या हक्काने 'टेक्सहॅश' चालवावं लागतं, कारण टेकलाइव्ह त्या फोल्डरातल्या फाइली एका यादीतून शोधतं आणि यादी जुनी असेल तर फाइल नसल्यासारखीच. होममधल्या टेक्सएमएफला ही यादी लागत नाही, तिथे फाइल टाकली की लगेच सापडते.

मिकटेकमध्ये होमचा टेक्सएमएफ आपोआप ओळखला जात नाही. मिकटेक कन्सोल, सेटिंग्ज, डिरेक्टरीज या वाटेने जा आणि अधिकच्या चिन्हाने तो फोल्डर जोडा. जोडायचा तो टेक्सएमएफ, त्याच्या आतला 'टेक' नव्हे. आत अपेक्षित रचना दिसली नाही तर मिकटेक तो घेत नाही. त्यानंतर टास्क्स मेन्यूतून 'रीफ्रेश फाइल नेम डेटाबेस' करा. नवी फाइल टाकली की दर वेळी हे करावं लागतं.

आता लिक्सकडे वळण्याआधी खात्री करून घ्या. टर्मिनल उघडा, 'केपीएसईव्हिच' ही कमांड लिहा, एक जागा सोडा आणि सीएलएससकट फाइलीचं नाव द्या. के, पी, एस, ई आणि त्याला जोडूनच इंग्रजी 'व्हिच', मध्ये जागा नाही. फाइलीचा पूर्ण पत्ता आला तर लाटेकची बाजू झाली. काहीच न येता रिकामी ओळ आली तर लाटेकला फाइल सापडलेली नाही, आणि ती सापडेपर्यंत लिक्समध्ये काहीही करून उपयोग नाही. ही एवढी एक तपासणी केली तर अर्ध्याहून अधिक भटकंती वाचते.

लेआउट फाइल

लिक्समध्ये हेल्प, अबाउट लिक्स उघडा. 'यूजर डिरेक्टरी' आणि 'लायब्ररी डिरेक्टरी' असे दोन पत्ते दिसतील. पहिला तुमचा, दुसरा लिक्सचा स्वतःचा. यूजर डिरेक्टरीत 'लेआउट्स' नावाचा फोल्डर असतो, मिळालेली लेआउट फाइल त्यात ठेवा. लिनक्सवर ही डिरेक्टरी टिंबाने सुरू होणाऱ्या नावाची, म्हणजे लपलेली असते. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबल्यावर दिसते. विंडोज आणि मॅकवर तिच्या नावात लिक्सच्या आवृत्तीचा आकडा असतो.

झिपसोबत लेआउट फारसा कुणी देत नाही. तो स्वतः बनवायचा, आणि ते वाटतं तितकं अवघड नाही. समजा, विद्यापीठाच्या प्रबंधाच्या क्लासचं नाव 'प्रबंध' आहे. लायब्ररी डिरेक्टरीच्या लेआउट्स फोल्डरातून रिपोर्टचा लेआउट साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि त्यात बघत बघत 'प्रबंध' नावाची नवी लेआउट फाइल लिहा. तीन गोष्टी लागतात.

सुरुवातीला हॅश चिन्हाने सुरू होणारी 'डिक्लेअर लाटेक क्लास'ची ओळ आहे. ती काढून टाकू नका, असा इशारा त्या फाइलीतच दिलेला असतो. ही ओळ टिप्पणीसारखी दिसते म्हणून लोक ती उडवतात आणि मग क्लास यादीत येतच नाही, कारण लिक्सची कॉन्फिगर स्क्रिप्ट तीच ओळ वाचते. महिरपी कंसात यादीत दिसायचं नाव येतं. लेआउट आणि सीएलएस या दोन्ही फाइलींचं नाव एकच असेल तर तेवढं पुरतं. नावं वेगळी असतील तर महिरपी कंसाआधी चौकोनी कंसात सीएलएसचं नाव एक्स्टेन्शनशिवाय द्या.

दुसरी ओळ 'फॉरमॅट' आणि एक आकडा. तो तुमच्याच लिक्सच्या रिपोर्ट लेआउटमधून जसाच्या तसा उचला. ओळ गाळली तर लिक्स फाइल फार जुन्या पद्धतीची समजून तिचं रूपांतर करू पाहतो.

तिसरी ओळ 'इनपुट' आणि पुढे रिपोर्टच्या लेआउट फाइलीचं नाव. यामुळे प्रकरण, विभाग, याद्या, तळटीपा या सगळ्या शैली फुकट मिळतात. क्लासमध्ये प्रकरणं नसतील तर रिपोर्टऐवजी आर्टिकल घ्या. रिपोर्टवर बेतलेल्या क्लासला आर्टिकलचा लेआउट दिला तर 'चॅप्टर' शैली यादीतून नाहीशी होते. एवढ्यावर लेआउट चालतो.

क्लासच्या स्वतःच्या कमांड हव्या असतील तरच पुढची मेहनत. मार्गदर्शकाचं नाव देण्यासाठी क्लासमध्ये 'गाइड' नावाची कमांड आहे असं धरा. लेआउटमध्ये खाली चार ओळी घाला: 'स्टाइल' आणि शैलीचं नाव, मग 'कॉपीस्टाइल' आणि 'ऑथर', मग 'लाटेकनेम' आणि 'गाइड', शेवटी 'एंड'. लेखकाच्या शैलीची नक्कल होते, फक्त लाटेककडे जाताना तुमची कमांड जाते. लाटेकनेममध्ये एक अक्षर चुकलं तर पीडीएफ करताना 'अनडिफाइन्ड कंट्रोल सीक्वेन्स' असा दोष येतो. 'एंड' राहून गेलं तर लिक्स क्लास उघडताना अडतो.

रीकन्फिगर, आणि पुन्हा सुरू करणं

फाइली जागेवर गेल्या की टूल्स मेन्यूतून रीकन्फिगर निवडा. स्क्रिप्ट लाटेक चालवून प्रत्येक क्लास आणि पॅकेज सापडतं का ते बघते. मिकटेकवर, विशेषतः पॅकेजं आपोआप बसवण्याचा पर्याय चालू असेल तर, पहिल्यांदा याला बराच वेळ लागू शकतो. अडकलं असं समजून मध्येच बंद करू नका. शेवटी लिक्स पुन्हा सुरू करायला सांगणारा संदेश येतो. तो शब्दशः घ्या. लिक्स बंद करून उघडल्याशिवाय नवे क्लास वापरता येत नाहीत.

त्यानंतर डॉक्युमेंट, सेटिंग्ज, डॉक्युमेंट क्लास इथे नवं नाव दिसायला हवं. 'अनअव्हेलेबल' आलं तर लेआउट सापडला, सीएलएस नाही. वरची केपीएसईव्हिचची तपासणी पुन्हा करा. नावच नसेल तर सीएलएसकडे बघू नका, लेआउटची जागा किंवा ती डिक्लेअरची ओळ चुकली आहे.

सगळी मशागत एकाच लेखासाठी करायची नसेल तर आडवाट आहे. सीएलएस, बीएसटी आणि लेआउट लेखाच्याच फोल्डरात ठेवा आणि डॉक्युमेंट क्लासच्या पानावरच्या 'लोकल क्लास' बटणाने तो लेआउट निवडा. पीडीएफ करताना लिक्स दस्तऐवजाचा फोल्डरही लाटेकला दाखवतो, त्यामुळे सीएलएस सापडते. रीकन्फिगर मात्र तुमच्या लेखाच्या फोल्डरात डोकावत नाही, म्हणून तिथली फाइल त्याच्या हिशेबी नसतेच. लेख सहलेखकाला पाठवायचा असेल तर हीच पद्धत उत्तम, सगळं एकाच फोल्डरात जातं.

टेम्प्लेट

टेम्प्लेटची फाइल यूजर डिरेक्टरीतल्या 'टेम्प्लेट्स' फोल्डरात ठेवली की फाइल मेन्यूतल्या 'न्यू फ्रॉम टेम्प्लेट'मध्ये दिसते. रीकन्फिगर लागत नाही. टेम्प्लेट म्हणजे साधा लिक्स दस्तऐवजच. स्वतः एक चांगला नमुना तयार करून तिथे ठेवला तरी चालतो.

फक्त आवृत्ती बघा. लिक्सची फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली की वरच्या ओळींत फॉरमॅटचा आकडा दिसतो: 2.3 साठी 544, 2.4 साठी 620. जुनी फाइल नव्या लिक्समध्ये आपोआप उघडते. उलट करायचं असेल तर नवं लिक्स असलेल्या व्यक्तीकडून ती फाइल मेन्यूतल्या एक्स्पोर्टमधून जुन्या आवृत्तीत काढून घ्यावी लागते.

दोन प्रती असल्या की

क्लास बसला, पीडीएफ आली, पण रूप परिषदेच्या नमुन्यासारखं नाही. अशा वेळी दुसरीच प्रत उचलली गेल्याची शक्यता सगळ्यात जास्त. लाटेक आधी लेखाच्या फोल्डरात, मग होमच्या टेक्सएमएफमध्ये आणि शेवटी टेकलाइव्हच्या स्वतःच्या फाइलींत शोधतं. चार वर्षांपूर्वी होममध्ये टाकलेली आयट्रिपलईची फाइल टेकलाइव्हच्या ताज्या फाइलीला कायमची झाकून बसते, आणि तुम्ही कितीही अद्ययावत केलं तरी फरक पडत नाही. डॉक्युमेंट मेन्यूतून लाटेक लॉग उघडा आणि 'डॉक्युमेंट क्लास' ही ओळ शोधा. तिच्यात तारीख आणि आवृत्ती असते, जसं आयट्रिपलईच्या क्लाससाठी 2015/08/26 आणि 1.8बी. ती परिषदेने मागितलेल्या आवृत्तीशी ताडा आणि जुनी प्रत काढून टाका.

क्लासमध्ये स्वतः बदल करायचे असतील तर मूळ नावाने कधीच करू नका. प्रत करा, नाव बदला, फाइलीतली क्लासचं नाव सांगणारी ओळही बदला आणि मग काय ते करा. नाहीतर पुढच्या वर्षी तुमचीच बदललेली फाइल असाच घोळ घालते.

प्रबंध मराठीत असेल तर

बहुतेक क्लास इंग्रजीसाठी आणि पीडीएफलाटेक हे लाटेकचं नेहमीचं इंजिन डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. युनिकोड मराठीसाठी झीलाटेक किंवा लुआलाटेक यांपैकी एक इंजिन लागतं. लिक्समध्ये डॉक्युमेंट सेटिंग्जच्या फॉन्ट्स पानावर 'यूज नॉन-टेक फॉन्ट्स' चालू करा, म्हणजे सिस्टिमवरचे फॉन्ट निवडता येतात. आयआयटी मुंबईचा शोभिका फॉन्ट टेकलाइव्हमध्येही आहे, रेग्युलर आणि बोल्ड अशा दोन वजनांत. तिरप्याची अपेक्षा करणाऱ्या क्लासमध्ये लॉगमध्ये फॉन्ट बदलल्याचे इशारे येतील, त्यांची काळजी करू नका.

भाषेसाठी पॉलिग्लॉसिया हे पॅकेज वापरलं आणि देवनागरी फॉन्ट सांगितला नाही, तर सध्याच्या रोमन फॉन्टमध्ये देवनागरी लिपी नाही असा दोष येतो आणि पॉलिग्लॉसिया 'देवनागरीफॉन्ट' नावाचं फॉन्टकुटुंब मागतं. ते प्रिअँबलमध्ये, म्हणजे मजकुराआधीच्या सूचनांच्या भागात, घोषित करताना 'स्क्रिप्ट' हा पर्याय देवनागरी असा द्यायलाच हवा. तो राहिला की 'प्रकल्प', 'विद्यार्थी' अशा शब्दांतली जोडाक्षरं सुटी पडतात आणि रफार जागा सोडतो. लुआलाटेकमध्ये त्यासोबत 'रेंडरर' हा पर्याय हार्फबझ (अक्षरं जोडून मांडणारं साधन) असा द्या. टेकलाइव्ह 2020 पासून लुआलाटेकच्या आत हार्फबझ आहे.

क्लास फाइल एडिटरमध्ये उघडून दोन गोष्टी शोधा. 'इनपुटेन्क' किंवा टी1 मागणारं 'फॉन्टेन्क' (जुन्या पद्धतीने अक्षरांचं एन्कोडिंग ठरवणारी पॅकेजं) क्लासमध्येच लिहिलेलं असेल तर नाव बदललेल्या प्रतीतून त्या ओळी काढा. आणि पानाचा आकार ठरवणाऱ्या पीडीएफपेजविड्थसारख्या कमांड असतील तर लुआलाटेक त्यांवर अडेल. झीलाटेकला त्या ओळखीच्या आहेत, म्हणून अशा क्लाससाठी तेच सोपं. लुआलाटेकच हवं असेल तर 'लुआटेक85' हे पॅकेज क्लास फाइलीच्या अगदी वरच्या भागात, त्या कमांडच्या आधी आणा. लिक्सच्या प्रिअँबलमध्ये ते टाकलं तर उशीर झालेला असतो, कारण क्लास त्याआधीच वाचून होतो.

सगळं जुळलं आणि तरी प्रकरणाच्या डोक्यावर इंग्रजी 'चॅप्टर'च येत असेल तर पॉलिग्लॉसियाचा दोष नाही. क्लास लिहिणाऱ्याने तो शब्द थेट लिहून ठेवला आहे. तुमच्या प्रतीत त्या जागी 'चॅप्टरनेम' ही कमांड घाला, मराठी शब्द भाषेच्या फाइलीतून आपोआप येईल.